दौंडला ट्यूब आणायला गेलेला

खुटबाव, ता. दौंड
१४ जानेवारी, मंगळवार

प्रिय रिबेका,

सलाम. मी बरा आहे, तूही असशील. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून शिरूरला गूळ नेणाऱ्या टेम्पोवाल्याकडे चिठ्ठी देतोय. सोबत ढेप आहे. रविवारी तुला बघायला पाहुणे येणार, असं माझ्या एंजलताईनं सांगितलं. चांगलंय.

मी इथं गुऱ्हाळावर चुलवाणात जाळाला उसाची चिपाडं घालतो. रांजणगावची कंपनी सोडल्यावर मांडवगणला ट्रॅक्टरवर होतो. तिथलं एक कुत्रं मागं लागलं, ते आता इथं काकवी चाटत पडलेलं असतं. असो.

आपला चिंचोक्याचा खेळ मी सोजरबाईंना शिकवला. या मावशी चिपाडं वाळवतात. नियम आपलेच: दोघांनी मिळून एका जोडप्याची गोष्ट सांगायची. फोडलेला चिंचोका पांढरा पडला तर प्रेम वाढवायचं, काळा पडला तर काहीतरी घालवायचं. गेलेलं परत येत नाही.

त्यांनी नवऱ्याचं नाव ठेवलं खंडू. त्यांचा वारलेला नवरा खंडूच, हे मला कुठं माहीत! मी आपला विहीर, बैल, सगळं घालवून बसलो. मग त्यांचा काळा पडला. घालवायला खंडूच उरला.

"घालवा मावशी त्याला."

"त्यो दौंडला गेलाय. सायकलची ट्यूब आणाया. सांजच्याला यील."

"असं चालत न्हाई, नियम हाय."

"नियम तुझ्या घरी! एकदा गेलाय त्यो. आता खेळात बी मीच घालवू व्हय रं?"

आणि हसल्या. मीही हसलो.

आपली गोष्ट अर्धी आहे ना. कंपनीच्या बसथांब्यावर तुझा काळा पडला, तू म्हणालीस, "पोरगा गाव सोडून गेला." हसली नाहीस. माझा डाव होता, मला वाक्य सुचेना. आठवड्यात मी खरंच निघालो.

आता सुचलंय. पोरगा दौंडला ट्यूब आणायला गेला होता. रविवारी चर्चची उपासना सुटायच्या आत तो त्याच थांब्यावर येऊन बसतो आणि पोरीच्या बापाला भेटायचं म्हणतो. चिंचोका न टाकताच, नियम मोडून सांगतोय, मावशींसारखा.

चिंचोका चिठ्ठीत गुंडाळलाय. पुढचं वाक्य तुझं. पाहुण्यांना चहा दे, नको कशाला म्हणू. पण त्यात ही ढेप घालू नकोस. ती आपल्यासाठी आहे.

तुझा, सांजच्या आत येणारा,
रॉबिन