निळी नळी

२ एप्रिल १९७४, मंगळवार

बसवराजने बाटली पुढे केली आणि किंमत सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हाच कळलं, पुन्हा वाढली. माझ्या वर्गात होता तेव्हाही पाठांतर झालं नसलं की असाच छताकडे बघायचा. आता नवी पेठेत औषधांचं स्वतःचं दुकान आहे, तरी खोड तीच.

"बाई, मी काय करू? वरनंच तसं येतंय."

"वरनं म्हणजे कुठनं?"

मग त्याने सांगितलं. इन्शुलिन गुराडुकरांच्या पोटातल्या एका ग्रंथीतून काढतात. एका बाटलीला किती जनावरं लागतात ते त्यालाही नेमकं ठाऊक नाही. कच्चा माल बाहेरून येतो, त्यावर जकात, मग परवाने, मग मुंबईचा घाऊक व्यापारी, मग बर्फातून सोलापूर. करणाऱ्या कंपन्या मोजक्या. "त्यांना घाई न्हाय, बाई. घाई आपल्याला."

घरी नागव्वाने बाटली उजेडात धरली. "कशाचं करत्यात हो वैनी हे?"

तिच्या गळ्यात लिंग. अंडं आणलेल्या पिशवीलासुद्धा हात लावत नाही.

"कारखान्यात करतात," म्हटलं. खोटं नाही. खरंही नाही.

५ एप्रिल

हे गेले त्या वर्षी नणंदबाई मैंदर्गीहून माझ्या सोबतीला म्हणून पंधरा दिवसांसाठी आल्या. त्याला नऊ वर्षं झाली. मी नागव्वा म्हणते, ती वैनी. आता कोण कुणाच्या सोबतीला, सांगता येणार नाही.

सकाळचा आमचा नेम ठरलेला. लघवीचे आठ थेंब काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात टाकून उकळायचे. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, शेवटी विटेसारखं लाल—तशी साखर वाढती. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय, कुठल्या रंगाला किती युनिट. आज पिवळं. चोवीस.

ही तपासणी ती मला करू देत नाही. "माझं घाण पाणी तुमी शिवायचं? आन् तेबी सैपाकाच्या स्टोवर? शिवा शिवा!" स्पिरिटचा दिवा घेऊन न्हाणीघरात जाते, कडी लावते आणि झालेली नळी तेवढी दारातून दाखवते. मी रंग बघते आणि सुई टोचते. वाटणी अशी.

९ एप्रिल

आज सिस्टर क्लोटिल्ड आठवल्या. पुण्याचं कॉन्व्हेंट, शिसवी बाकं, खिडकीबाहेर बुचाचं झाड. एकदा त्यांनी मासिकातून वाचून दाखवलं होतं—हे औषध शोधणाऱ्यांनी त्याचे हक्क एकेका डॉलरला देऊन टाकले. औषध सगळ्यांना मिळावं म्हणून. वाचताना सिस्टरचा चष्मा ओला झालेला. आम्ही मुली एकमेकींना कोपरं मारून हसलो. तेरा वर्षांच्या होतो.

एक डॉलर. मग मधे काय झालं? कुणाला विचारू? सिस्टर असत्या तर त्यांना विचारलं असतं.

१४ एप्रिल

ईस्टर. नागव्वाने माझ्यासाठी बिनसाखरेचा नव्हे, चांगला गोड शिरा केला आणि समोर बसून मला खायला लावला. "तुमच्या सिस्टरचा सण हाय की." तिने स्वतः मात्र त्याला बोटही लावलं नाही.

२० एप्रिल

पेन्शन जिथल्या तिथे, दोन शिकवण्या, आणि गहू-तेल-रॉकेल सगळंच चढलेलं. एक बाटली म्हणजे आमच्या दोघींचं पंधरा दिवसांचं दूध. दूध मागेच निम्मं केलं.

आज पेटी विकली. बाबांनी मॅट्रिक झाल्यावर घेऊन दिलेली, कलकत्त्याची. दुधनीच्या एका व्यापाऱ्याने नेली. त्याने भाता दाबून एक सूर धरला, मी आत निघून गेले.

नागव्वा देवळात होती. आल्यावर रिकाम्या कोनाड्याकडे बघत उभी राहिली.

"दुरुस्तीला दिलीय," मी म्हटलं. "दोन पट्ट्या अडकत होत्या."

"व्हय?" म्हणाली. "काल तर चांगली वाजत हुती की."

"उन्हाने होतं तसं."

२१ एप्रिल

संध्याकाळी ती वचनं म्हणायला बसली. नऊ वर्षं मी पेटीवर साथ करत आले. कानडी शब्द मला निम्मे कळत नाहीत, पण ती कुठे श्वास घेणार ते कळतं. आज नुसती म्हणाली. दोन झाली, आणि उठली.

२५ एप्रिल

नळी निळी! पहिल्यांदाच. मी दोनदा उजेडात धरून पाहिली. स्वच्छ, आभाळासारखी. "उगंच हितं तितं नाचवू नगा, सांडंल," नागव्वा म्हणाली. "कडू जिरं खातीया मी. त्येचा गुण."

३ मे

आठवडाभर निळंच. डॉक्टर जिल्ह्याबाहेर गेलेत, पण कागद आहे. त्यावर आहे, निळं टिकलं तर चार-चार कमी करत जायचं. वीस, मग सोळा. बाटली आता पुष्कळ पुरेल. कितीतरी दिवसांनी दुपारी झोप लागली.

६ मे

ऊन एकशे दहा फॅरनहाइटच्या घरात. इन्शुलिनची बाटली रबरी पिशवीत घालून माठात सोडलीय, माठाला ओलं फडकं. नागव्वा सारखी पाणी पिते. "सोलापूरचा उनाळा हाय, वैनी, कोण पीत न्हाय?" खरंच की. मीही पिते.

न्हाणीघरात मुंग्या झाल्यात. हळद टाकली.

९ मे

कालपासून रेल्वेचा संप. स्टेशन ओस. बसवराज म्हणाला, मुंबईचा माल कधी येईल देव जाणे, ट्रकवाले दुप्पट मागतात आणि बर्फ कोण बदलणार? त्याच्या बर्फाच्या खोक्यात एकही बाटली नाही. "ज्यांच्याकडे पैसे आहेत तेपण परत चाललेत, बाई."

आमच्या बाटलीत बोटभर उरलंय. घरी येताना सबंध रस्ता सिस्टरनी शिकवलेली हेल मेरीची प्रार्थना म्हणत आले. आणि दारातच नागव्वा नळी घेऊन उभी. निळी.

बारा युनिट.

१४ मे

गेल्या आठवड्यात नागव्वा सिद्धेश्वराच्या देवळात अनवाणी गेली, फरशी तापलेली. अंगठ्याला फोड आलाय. सहा दिवस झाले, भरत नाही. अंगावर सैल होतात म्हणून तिने दोन चोळ्या टाके घालून आत घेतल्या. "म्हातारपणात कंबर दिसाया लागली बगा," म्हणून हसली. मीही हसले.

१९ मे

काल रेडिओवर वाळवंटातल्या अणुस्फोटाची बातमी. आज बसवराजच्या दुकानात पेढे. एक माझ्या हातावर ठेवला. "आता आपणपण मोठ्या देशांत, बाई."

"बाटली?"

छताकडे पाहिलं त्याने.

पेढा पदराला बांधून आणला आणि रस्त्यातच एका मुलीला दिला. घरी कुणाला देणार होते?

२४ मे

आठ युनिट. बाटलीच्या तळाशी सुई खरवडते. नळी निळी आहे म्हणून धीर आहे. नागव्वा भाकरी थापताना मधेच बसली. "चक्कर न्हाय वो, बसलीया जरा." तोंडाला कसलासा वास येतो, पिकलेल्या फळासारखा. अंगठा काळा पडलाय. डॉक्टर सोमवारी येतील म्हणतात.

मी काय करू शकते? रंग बघते. कागद बघते. टोचते.

२८ मे

संप मिटला. बसवराजने निरोप धाडला—मुंबईची गाडी सुटली, उद्या पहिली बाटली बाईंची. डॉक्टर अजून आलेच नाहीत. पण बाटली येतेय. नागव्वाच्या कानात सांगितलं. तिने नुसती मान हलवली.

२९ मे

बाटली आली. सकाळी नागव्वाला उठवेना. म्हणून आज थेंब मी घेतले, स्वयंपाकाच्या स्टोववरच नळी धरली. उकळी यायच्या आत विटेसारखी लाल.

मग दुसरी नळी घेतली आणि माठातल्या पाण्याचे आठ थेंब टाकले. निळी. महिनाभर दारातून दाखवलेली, तीच निळी.

नव्या बाटलीतलं टोचलं, दवाखान्यात न्यायला टांगा बोलावलाय. तिचं डोकं मांडीवर घेऊन विचारलं, का गं? असं का केलंस?

तिने डोळे उघडले. कोनाड्याकडे पाहिलं.

"तुमची पेटी दुरुस्तीला गेली की, वैनी."