गुरुवारचं डायलिसिस

राळेगणसिद्धी
दि. १६ जून २०२४

चि. महेंद्र यास,
पुष्पाक्काचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

फोन केला की तू ‘बरं हाय’ म्हणतोस आणि लगेच रश्मीकडे देतोस. म्हणून हे पत्र. हे तरी तुलाच वाचावं लागेल.

गुरुवारी तू नगरला डायलिसिसला गेलाच नाहीस, असं रश्मीनं सांगितलं. अरे, आठवड्यातून दोनदा ते मशीन रक्त साफ करतं म्हणून तू आहेस. किडन्या गेल्या, हिंमत तर नाही ना गेली? बाबांनी कारखान्याच्या बॉयलरपुढं उभं राहून आपल्याला शिकवलं, कधी कुरकुर केली नाही. त्यांचा लेक आहेस. मन घट्ट कर, नको ते विचार आणू नकोस.

माझी अंगणवाडी सुरू झाली. पोरं रडतात, आणि त्यांच्या आया त्यांच्याहून लई रडतात.

सोमवारी गेलास की कळव. तोवर घास गोड लागायचा नाही.
तुझी,
पुष्पाक्का


राहुरी
दि. २१ जून २०२४

ती. अक्कास,
महेंद्रचा सविनय जयभीम.

सोमवारी गेलो. रागावू नकोस, पण मन घट्ट करून तीन वर्षं झाली. आता घट्ट करायला मनच उरलं नव्हतं.

त्या गुरुवारी राहुरी स्टँडवर नगरच्या चार गाड्या डोळ्यांदेखत जाऊ दिल्या. सोमवारी श्वास लागलेला असतानाच डॉक्टरांना म्हणालो, हे बंद करायचंय. ते चिडले नाहीत. त्यांनी तिथल्या मानसतज्ज्ञ धनश्री मॅडमना बोलावलं. मला वाटलं, आता मला वेडाही ठरवणार! पण हातात सुई, उठून जाणार कुठं?

मॅडमनी उपदेश केला नाही. सरळ विचारलं, की जगणंच नकोसं झालंय, की असं जगणं? अक्का, हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी खूप रडलो. ओझं झाल्यासारखं वाटतं, मरणाचे विचार येतात, सगळं बोलून गेलो. घरी रश्मी आता माझ्याशी भांडतसुद्धा नाही, पाहुण्यासारखं जपते, हेही. त्या म्हणाल्या, या आजारात मन खचणं हा दुबळेपणा नाही, त्यावरही उपचार आहेत. पुढच्या वेळी रश्मीला बोलवायचं, असं माझी परवानगी घेऊन ठरवलं. तसा विचार पुन्हा आला तर फोन कोणाला करणार, हे त्यांनी कागदावर लिहून घेतलं. मी तुला न विचारताच तुझं नाव दिलं.

तुझी माया अशीच पाठीशी राहू दे.
तुझा,
महेंद्र


राळेगणसिद्धी
दि. २६ जून २०२४

चि. महेंद्र यास,
सप्रेम जयभीम.

पत्र वाचताच फोन केला, बोलणं झालं. पण एक गोष्ट तोंडानं निघाली नाही, ती लिहिते. मन घट्ट कर म्हणाले, ते चुकलं माझं. मी घाबरले होते, म्हणून तुला दटावलं.

नाव दिलंस ते बरं केलंस. कधीही फोन कर. अंगणवाडीत पन्नास पोरं ओरडत असली तरी उचलीन. रविवारी मी येतेच आहे. मनाच्या डॉक्टरांची गोळी सुरू करणार म्हणालास, ती किडनीला चालते का, तेवढं विचार.

दोघांनी जेवत जा.
पुष्पाक्का


राहुरी
दि. १३ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास,
सविनय जयभीम.

गोळीचं ठरवताना दोन्ही डॉक्टर आधी एकमेकांशी बोलले. आता झोप लागते. डायलिसिसही सकाळचं करून घेतलंय, त्यामुळे रात्री पुरती विश्रांती मिळते आणि बाकीच्या दिवशी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये पुन्हा शिकवतो. जड उचलत नाही, पण कानस कशी धरायची ते सांगायला ताकद कशाला लागते?

रश्मी मॅडमपुढं म्हणाली होती, की मी भांडले आणि ह्यांना काही झालं तर? मॅडम म्हणाल्या, भांडा. ते तिनं फारच मनावर घेतलंय. काल लोणच्यावरून असं झापलं, की शेजारी दारात आले!

वाईट दिवस येतात. परवाचा आलाच होता. तू तासभर बाजरीवर बोललीस, तो गेला.

आणखी एक. आमच्याकडे डायलिसिसला सहादेवमामा म्हणून नवे आलेत, घोडेगावच्या बाजारात जनावरांची दलाली करणारे. भिंतीकडे तोंड करून पडायचे, मॅडमशीही बोलेनात. मॅडमनी मला विचारलं, बघता का बोलून? मी त्यांना म्हणालो, गाईचं वय कसं ओळखतात? ते तसेच वळले आणि दातांवर अर्धा तास सांगत राहिले. मग हळूच विचारलं, हे मशीन किती दिस? मी खरं सांगितलं, की जन्मभर, आणि दर गुरुवारी मी शेजारी असतो.

काल ते माझ्या आधी येऊन बसले होते.

लोभ आहेच, तो फोनवर ओरडून दाखवत राहा.
तुझा,
महेंद्र