छताने बोलू नये म्हणून

३ तारीख, सोमवार
आज गायिकाबाई स्टुडिओ बघून गेल्या. मोठं नाव. नवा अल्बम मिक्स करायला जागा शोधतायत. कंट्रोल रूमच्या मधोमध उभ्या राहिल्या, एक टाळी वाजवली, वर बघितलं आणि म्हणाल्या, "तुमचं छत फार बोलतं हो." मी म्हणालो, ते काम चालूच आहे. चालू नव्हतं. आता आहे. चोवीसला परत येणार.
बायकोला सांगितलं. तिने आठवण करून दिली की महिनाअखेरपर्यंत काम मिळालं नाही तर ही स्टुडिओची खोली तिच्या बाबांना द्यायची. सासऱ्यांचे गुडघे गेलेत, आणि तळमजल्यावर खोली ही एकच. मी मोठ्या मनाने हो म्हटलं. तशी वेळ येणारच नाही.

४, मंगळवार
संकल्प: कुणाची मदत घ्यायची नाही. विशेषतः सासऱ्यांची. ते चाळीस वर्षं सुतार होते हे मान्य, पण ध्वनी हा वेगळाच विषय आहे.
अकरा व्हिडिओ बघितले. सगळं समजलं. आवाज छतावर आदळून परत येतो आणि मूळ आवाजात लुडबुड करतो. उपाय: फोम.

६, गुरुवार
फोमचे चौसष्ट चौकोन दुहेरी चिकटपट्टीने छताला लावले. मान आखडली. टाळी वाजवली, प्रचंड फरक. बायकोला जाणवला नाही. तिचे कान तयार नाहीत.

७, शुक्रवार, सकाळी ७
एकोणीस पडले.

दुपारी १
एकतीस.

संध्याकाळी ५
सासरे जिना उतरून दारात आले. म्हणाले, "जावईबापू, चुन्यावर पट्टी धरत नाही." मी म्हणालो, प्रयोग चालू आहे. तेवढ्यात एक चौकोन त्यांच्या डोक्यावर पडला. त्यांनी तो दाबून बघितला, "मऊ आहे" म्हणाले आणि गुडघ्याखाली ठेवायला घेऊन गेले.

९, रविवार
फोम हा मुळातच बालिश उपाय. जाणकार लोक 'क्लाउड' टांगतात. म्हणजे लाकडी चौकट, आत रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर), वरून कापड. छतापासून वीतभर खाली. जागा आरशाने ठरवायची: मी खुर्चीत, बायको शिडीवर आरसा घेऊन. छताला लावलेल्या आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथे क्लाउड.
स्पीकर दिसला नाही. टक्कल दिसलं. एवढं? बायकोला विचारलं, कधी बोलली कशी नाहीस? म्हणाली, मला वाटलं तुला माहीत आहे.
काम तहकूब.

१२, बुधवार
रॉकवूल आणलं. दुकानदार हातमोजे घाला म्हणाला. घातले नाहीत. स्पर्शाने माल कळतो.

१३, गुरुवार
खाज.

१५, शनिवार
चौकट तयार. आठ फूट बाय सात. देखणी. दारातून आत जात नाही. उभी, आडवी, तिरकी, सगळं करून झालं. बायकोने विचारलं, दार मोजलं होतंस का? मी छत मोजलं होतं.

१६, रविवार
चौकट कापून आत नेली. दोन भागांचा क्लाउड जास्त आधुनिक दिसतो.

१७, सोमवार
हुकांसाठी छताला ड्रिल मारलं. तिसऱ्या भोकाला घरभरची वीज गेली. इलेक्ट्रिशियनने वर बघून विचारलं, "छतात काय शोधत होता?" शांतता, मी म्हटलं. त्याने वायर जोडली.

१९, बुधवार
क्लाउड टांगला. तीन हुकांनी धरला, चौथा निसटला. तो कोपरा मी शिडीवर उभा राहून डोक्यावर तोलला. बायको ऑफिसात. तासभर हाका मारल्या. दार साउंडप्रूफ आहे आणि उत्तम काम करतं, हे नोंदवून ठेवतो.
शेवटी मी जेवायला का आलो नाही हे बघायला सासरे एकेक पायरी बसत बसत खाली आले. मला बघून हसले नाहीत. फक्त म्हणाले, "पेन्सिल कुठाय?"

२२, शनिवार
गेले तीन दिवस सासरे सल्लागार आहेत. ते खुर्चीत बसून काठीने दाखवतात, मी करतो. चौकट पुन्हा जोडली, हुक पुन्हा बसवले, कापड पुन्हा ताणलं. मूळ कल्पना माझीच.
संध्याकाळी टाळी वाजवली. वाजली आणि संपली. सासरे म्हणाले, "बसलं गप्प." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रॉकवूलमुळे.

२४, सोमवार
गायिकाबाई आल्या. टाळी वाजवली, "वा!" म्हणाल्या. मी क्लाउडचं शास्त्र अर्धा तास समजावलं. मग माझी तीन मिक्सिंग्ज ऐकवली. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, "खोली छानच झालीय. आता सगळं अगदी स्पष्ट ऐकू येतं."
अल्बम दुसरीकडे करणार आहेत. तिथलंही छत बोलतं, म्हणून सासऱ्यांचा फोन नंबर घेऊन गेल्या.

३०, रविवार
सकाळी सगळी मशीनं वर हलवली. सासऱ्यांची खाट क्लाउडच्या बरोबर खाली बसली. दुपारी आडवे झाले ते दोन तास गाढ झोपले. बायको म्हणाली, गुडघे दुखायला लागल्यापासून असे झोपलेच नव्हते.
खाली एक माइक राहिला होता. त्याची वायर वरच्या मशीनला जोडून नुसती चाचणी म्हणून सुरू केला. घोरणं. पण काय घोरणं! ना घुमणं, ना खरखर, प्रत्येक श्वास सुटा. त्या खोलीत इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग मी आजवर केलेलं नाही.
बायकोला हेडफोनवर ऐकवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. माझं काम तिने शेवटपर्यंत ऐकलं असं हे पहिलंच. मी अभिप्रायाची वाट बघत होतो.
म्हणाली, "माइक काढायला जाशील तेव्हा चपला बाहेर काढ. बाबा उठतील."