गुरुवारचा चारचा तास

मी, श्रीमती सुमेधा मधुसूदन खांबेटे, वय एकाहत्तर, व्यवसाय मानसोपचार, राहणार आकुर्डी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या मनाचे ऐकल्यावर स्वतःबद्दल असे विधान करायला धीर होत नाही, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मुलगा सलिल याने थोडे आणून पाहिले, त्याचा उल्लेख पुढे येईल.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतील ठेवी माझा एकुलता मुलगा सलिल यास मिळाव्यात. ताबा मात्र कलम पाच पुरे झाल्यावर. माझे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. ते म्हणत, "दिवसभर लोकांचं जीव लावून ऐकतेस आणि मला नुसतं हं म्हणतेस." खरे होते. सलिललाही माझ्याकडून हंच जास्त मिळाला. फ्लॅटने त्याची भरपाई होत नाही, हे मला कळते.

२. सोसायटीचे चेअरमन उद्धवराव यांनी माझ्याकडे येणाऱ्यांना वॉचमनच्या वहीत 'कशासाठी आलात' हे लिहायला लावले होते. माणसे बिचारी 'शिकवणी' असे लिहीत. तेव्हा उद्धवरावांनी मला लिफ्टमध्ये विचारले, "एवढे मिशावाले विद्यार्थी कसले हो, बाई?" दोन वर्षे भांडून तो रकाना मी बंद करवला. त्यांना मी माफ केलेले नाही. तरीही बाल्कनीतली मोगऱ्याची कुंडी त्यांना द्यावी, कारण माझ्या माघारी तिला पाणी घालणारा दुसरा कोणी नाही.

३. चिखलीच्या सुताराकडून करून घेतलेला दिवाण, दोन्ही खुर्च्या आणि पुस्तके माझी विद्यार्थिनी अनुया पळसुले हिला द्यावीत, तीही कलम पाच पुरे झाल्यावर. माझ्या कामापुरती तीच व्यवस्थापक. सध्या माझ्याकडे सातजण येतात. त्यांना तिने मी जाईन त्याच दिवशी स्वतः फोन करावा. बाई गेल्याचे त्यांना व्हॉट्सअॅपवरून कळता कामा नये. माझ्या नोंदवह्या तिने न वाचता आठ दिवसांत नष्ट कराव्यात.

४. आता जे लिहायला बसले ते. इथल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे गुरुवारच्या वेळेला माझ्याकडे फार मागणी. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत दर गुरुवारी चार ते चार पन्नास ही वेळ चाकणकडच्या एका कामगाराची होती. नाव लिहीत नाही. आजवर कोणाला सांगितले नाही, रजिस्ट्रारसाहेबांनाही सांगणार नाही. मशीनवर सोबतच्या माणसाचा हात गेला, तेव्हापासून याचा आवाज बसला होता. डॉक्टरांना घशात काही सापडेना, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाठवले. पहिले वर्षभर तो पंख्याकडे पाहत बसे आणि वेळ झाली की नमस्कार करून उठे. मीही गप्प बसे. दुसऱ्या वर्षी हळूहळू शब्द यायला लागले. डबा, बस, बायको, धाकटीची शाळा. त्या हाताबद्दल मात्र एक अक्षर नाही.

मग एका गुरुवारी वेळ संपल्यावर, दारात चप्पल घालता घालता तो म्हणाला, "बाई, एक सांगायचं ऱ्हायलंय. त्या दिवशी बटन म्या..."

मी म्हणाले, "आज वेळ झाली. पुढच्या गुरुवारी इथूनच सुरू करू."

"व्हय, बाई," म्हणाला आणि जिना उतरून गेला. तो पुन्हा आला नाही.

दारात निघालेले बोलणे दारातच थांबवायचे, वेळ वाढवायची नाही, असे मला शिकवले होते आणि मी ते अनुयाला शिकवले. नियम चांगला आहे. त्या दिवशी मी तो चुकीच्या माणसावर चालवला. पाचला कोणी येणार नव्हते. मी खाली जाऊन मेथीची जुडी घेतली आणि निवडत बसले.

आमच्या कामात गेलेल्या माणसाच्या मागे लागत नाहीत. एक पत्र चालते, ते पाठवले: 'आपली वेळ राखून ठेवली आहे.' उत्तर आले नाही. दोन वर्षांनी राहवले नाही म्हणून फोन केला, तर नंबर दुसऱ्याच कोणाचा झाला होता. पत्रातला शब्द मी पाळला. ती वेळ दुसऱ्या कोणाला दिली नाही. दर गुरुवारी चारला मी समोरची खुर्ची पुसते आणि पन्नास मिनिटे बसते. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की या वयातही उठून दारापर्यंत जाते. बहुधा शेजारचे पार्सल असते. मला त्याची फार आठवण येते. सलिल, हे वाचून तुझा गैरसमज झाला तरी चालेल.

५. माझ्या पश्चात एक वर्ष पुढची, माझ्या कामाची खोली आहे तशी ठेवावी आणि दर गुरुवारी चार वाजता अनुयाने तिथे बसावे. सलिलला हे सांगितले तेव्हा तो चिडला. "आई, रिकाम्या खुर्चीसाठी वर्षभर कोण थांबतं?" त्याला नुसता हं देऊन चालणार नव्हते. मी सांगितले, मी अकरा वर्षे थांबले. तेव्हा तो म्हणाला, "चावी माझ्याकडे असू दे. अनुयाला मी दार उघडून देत जाईन." म्हणून चावी त्याच्याकडे राहील.

त्या वेळी जो येईल त्याला नाव विचारू नये. तोच तो की दुसरा, याची शहानिशा करू नये. एवढेच सांगावे: 'त्या दिवशी बाईंना वेळ होता. बाई चुकल्या. त्यांनी तुमची वाट पाहिली.'

अनुया म्हणाली, "ताई, आपल्याबद्दलचं असं काही आपण पेशंटला सांगत नाही."

बरोबर आहे. जिवंत होते तोवर मीही सांगितले नाही.

त्यानंतर त्याला हवा तेवढा वेळ बोलू द्यावे. तो जे सांगेल ते अनुयाने कोणालाही सांगू नये, माझ्या फोटोपुढेही बोलू नये. ते त्याचे आहे. मला मात्र ते ऐकायचे होते.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो माझाच आहे.

(सही) सुमेधा मधुसूदन खांबेटे

बाईंनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर. आम्हाला यातून काही मिळणार नाही.

साक्षीदार:
१. (सही) योगिनी शेंडकर, आकुर्डी
२. (सही) ज्योतीराम बनसोडे, चिखली

स्थळ: आकुर्डी
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार