नाकाची बाटली कुठे गेली

मुलुंड

अहो,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे खुशाल. आपल्या रुचिराचं बाळ छान दूध पितं, काळजी नको.

समोरच्या बांधकामाच्या धुळीने मला शिंका येतात, म्हणून डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा दिला होता. बारसं उरकून तुम्ही गावी गेलात, त्या दिवसापासून ती बाटली सापडत नाही. आधी मला भांडीवालीचा संशय आला. पण एरवी सकाळी चहा पिऊन होईस्तोवर शिंकणारे तुम्ही, परवा सकाळी फोनवर एकदाही शिंकला नाहीत. बाटलीचं विचारलं तर आंब्याच्या मोहोराचं काढलंत. म्हणून कागदावर लिहिते.

तुम्ही तो फवारा नाकात तूप सोडतात तसा, आडवं पडून घेत असणार. मीही तेच केलं आणि घसा कडूजार झाला. मान जराशी पुढे वाकवून मारायचा, हलकेच ओढायचा. एकाची बाटली दुसऱ्याने वापरायची नसते, तुमचं नाक तुमच्या डॉक्टरांना दाखवा. त्या फवाऱ्याने गुंगी येते. त्यावर संध्याकाळचा तुमचा पेला तर अजिबात नको.

माडावर चढायला शेजारचा लवू येतो ना? की त्याला नको सांगून स्वतःच चढताय?

बाटली घेतली नसेल, तर पत्र वाचल्या वाचल्या फोन करून माझ्यावर ओरडाल. गप्प राहिलात, तर माडावर चढायची दोरी लवूला त्याच्या घरी न्यायला सांगते.

तुमची,
शेवंती