तिसऱ्या अर्थाची कार्डं

४ फेब्रुवारी
यांच्या इंग्रजी-मराठी कोशाची कार्डं लावायला मलाच बसवलंय. म्हणे, "घरातच तर असतेस!" तीस वर्षांत गाडी डब्ल्यूपर्यंत आली एकदाची. आजचा शब्द 'व्हाइन'. अर्थ तीन — कुत्र्याचं कुंईकुंई, यंत्राचा बारीक एकसुरी आवाज, आणि माणसाची उगीचची किरकिर. उदाहरण पुस्तकातलं नको, कानांनी ऐकलेलंच हवं, कार्डावर वर अर्थ आणि खाली तारीख हवी, हा यांचा नियम.
तिसऱ्या अर्थाची अकरा कार्डं. अकराही माझी वाक्यं!

५ फेब्रुवारी
पुन्हा वाचली. 'मला मेलीला विचारतंय कोण!' — माझं. 'सगळ्या घरात कागदच कागद, माणसांनी राहायचं कुठं?' — माझंच. आणि 'अहो, उजव्या कुशीत दुखतंय, झोप लागत नाही.' स्वल्पविरामांसकट! इतकी वर्षं वाटायचं, यांना ऐकूच जात नाही. जात होतं की — मान खाली घालून लिहून घेत होते. नुसता संताप झाला.

६ फेब्रुवारी
शेजारच्या बाईंचा कुत्रा कुंईकुंई करत होता तेव्हा हेच त्या बाईंना म्हणाले होते, "मुक्या जिवाला काहीतरी दुखतंय, डॉक्टरकडे न्या." मिक्सरचा आवाज बदलला, तर त्याच दिवशी दुरुस्तीला. माझं मात्र कार्ड झालं.

७ फेब्रुवारी
आजपासून तोंड बंद. बघू, बारावं कार्ड कुठून आणतात!

१२ फेब्रुवारी
सहा दिवस यांच्याशी चकार शब्द नाही. यांना पत्ताच नाही! आज चहा पिताना म्हणतात, "हल्ली घर कसं शांत वाटतं, नाही?" कप फेकून मारावासा वाटला. कुशीतलं दुखणं वाढलंय. उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाते. सोबत येताय का, एवढं एकच विचारलं. "येतो की," म्हणाले. ते दुखण्याचं कार्ड पर्समध्ये टाकलंय.

१३ फेब्रुवारी
सोनोग्राफी झाली. बाईंचा चेहराच पडला. "कधीपासून दुखतंय?" मी पर्स उघडली. कार्ड काढून यांच्या हातात दिलं — वाचा! यांनी तारीख मोठ्यानं वाचली. चौदा महिन्यांपूर्वीची. बाई उसळल्याच.
"चौदा महिने? आणि आत्ता येताय? गाठ पसरलीय हो!"
बाईंनी ते कार्ड यांच्या हातातून घेतलं आणि माझ्या फाइलला टाचलं. 'उगीचची किरकिर' हे शब्द सगळ्यांत वर, यांच्या सुरेख अक्षरात.