ज्याचं 'आहे' त्यानंच म्हणायचं

बाई, परवा घाटकोपरला तुमच्या घराखालून गेलो. गॅलरीला कुणीतरी कबुतरांची जाळी ठोकलीय. आपले दोर जिथे वाळत पडायचे तिथे आता एसीचा डबा आहे आणि त्याचं पाणी खालच्याच्या पत्र्यावर टपकतंय. उगाचच थोडा वेळ उभा राहिलो. वॉचमनने विचारलं, "किसको मिलना है?" काय सांगणार त्याला, कपाळ? "किसीको नहीं," म्हटलं आणि निघालो. पण तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं डोक्यात बसलंय. लंबूबद्दल बोलायचंय. त्याला अर्धांगाचा झटका येऊन वर्ष होत आलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आणि मागच्या रविवारी मी त्याच्या बाबतीत एक गोष्ट करून बसलोय. ती तुम्हालाच सांगण्यासारखी आहे. बाकीच्यांना ती कळणार नाही, आणि ज्यांना कळते ते सगळे त्या वेळी त्याच खोलीत होते.

तुम्ही आम्हाला अकरावीला भूगोल शिकवायचात. कॉलेज असलं तरी आम्ही 'मॅडम' म्हणायला तयार नव्हतो, तोंडात 'बाई'च बसलं होतं. वर्गात मी मागच्या बाकावरून चारपाच आवाज काढून मित्रांची प्रॉक्सी मारायचो आणि तुम्ही मान वर न करता हजेरी पूर्ण करायचात. मला वाटायचं, बाईंना पत्ता लागत नाही. मग एका रविवारी तुम्ही आम्हा टवाळांना बोरिवलीच्या डोंगरात घेऊन गेलात, गाळाने अर्ध्या बुजलेल्या एका लेण्यात पोटावर सरपटत नेलंत, आणि मला त्याचा नाद लागला तो लागलाच. घरी गेलो तेव्हा आई दारातच, "खय गेल्लस मराक?" कपडे बघून तिने मला सरळ मोरीत उभं केलं. पुढच्या खेपेला तुम्ही माझ्यासाठी गुडघ्यांना बांधायला गादीसारखे दोन तुकडे शिवून आणलेत, जुन्या गोधडीचे, नाड्या लावलेले. "गुडघे जपा, पुढे लागतात," म्हणालात. तुमच्या ओट्यावर थालीपीठ, बाथरूमच्या बादलीत चिखलाचे दोर, आणि तुमचे यजमान बाहेरून ओरडतायत की मी अंघोळ कधी करायची. असा तो आपला संसार होता.

आणि तुमची ती अंधारातली हजेरी. आत कुठेही थांबलो की तुम्ही म्हणायचात, "टॉर्च बंद." सगळ्यांचे बंद झाले की जो काळोख व्हायचा तसा काळोख मुंबईत जन्मलेल्या माणसाने पाहिलेलाच नसतो. मग रांगेच्या क्रमाने एकेकाने म्हणायचं, "आहे." तुम्ही पहिल्या, लंबू शेवटचा. तो नेहमी शेवटचाच. एवढ्या लांबीचा माणूस मधे अडकला तर मागचे सगळे अडकणार, म्हणून तुम्हीच त्याला शेपटाला लावलं होतंत. त्याचा तो जाड, झोपेतल्यासारखा 'आहे' आला की सगळे टॉर्च पेटायचे. तो येईपर्यंत कुणी पेटवायचा नाही. मी एकदा विचारलं होतं, हे उजेडात मोजलं तर काय बिघडतं? तुम्ही म्हणालात, "उजेडात दिसला की आपण धरून चालतो, आहे म्हणून. अंधारात ज्याचं त्याने सांगायचं."

कोकणातलं ते जांभ्याच्या कातळसड्याखालचं भुयार तुम्हाला आठवत असेल. गावातली दोन करडं आत शिरून परत आली नव्हती आणि गावकऱ्यांनी तुम्हाला निरोप धाडला होता. करडं आपल्याला मिळाली नाहीत, ती म्हणे दुसऱ्या तोंडाने केव्हाच बाहेर जाऊन चरत होती. पण आपण आत होतो. एक चिंचोळा बोळ सरपटून ओलांडला आणि पलीकडे जरा उभं राहता येईल अशी जागा आली. टॉर्च बंद. हजेरी. माझा नंबर लंबूच्या पुढचा. मी 'आहे' म्हटलं आणि मागून काही येईना. मला भूक लागली होती, गुडघे सोलले होते. लंब्या बसला असेल मागे कुठेतरी चपलेचा पट्टा बांधत, असं म्हणून मी त्याचा आवाज काढला. "आहे." झकास जमला होता. एकदोघं खुसकन हसलेसुद्धा. तुमचा टॉर्च थेट माझ्या तोंडावर पेटला. "वर्गात तू दहा जणांची प्रॉक्सी मार, मी ऐकलं नाही असं करते. इथे नाही." आवाज चढवला नव्हतात, तरी माझी टरकली. "ज्याने दुसऱ्याचं 'आहे' म्हटलं, त्याने आत जाऊन त्याला घेऊन यायचं. जा." तेव्हा मला कळलं की वर्गातही तुम्हाला सगळं ऐकू येत होतं.

मी परत बोळात शिरलो. तो मधोमध अडकला होता, बाई. एक हात छातीखाली दाबलेला, टॉर्च विझलेला, फुप्फुसात हाक मारण्याइतकी हवा जात नव्हती. मी त्याचा दुसरा हात धरला. "श्वास सोड, लंब्या. सगळा सोड." त्याने सोडला, मी ओढला, परत सोडला, परत ओढला. बाहेर आल्यावर पाणी प्यायला आणि मग म्हणाला, "मी तिथे अडकलेलो, आणि तिकडून माझाच आवाज आला, 'आहे'. मला वाटलं, मेलो आपण." आम्ही सगळे पोट धरून हसलो. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही त्याची पाठ चोळत बसला होतात.

तुम्ही गेल्यावर ग्रुप मोडेल असं मला वाटलं होतं. तो लंबूने धरून ठेवला. दिवाळीनंतर लेण्यांतला गाळ काढायला लोकांना फोन करणं, फावडी, घमेली गोळा करणं, वनखात्याच्या साहेबांसमोर तासन्‌तास बसून परवानगी काढणं, सगळं तोच. लेण्यातल्या टाक्यात कमरेइतक्या चिखलात उभा राहायचा आणि घमेलं वर द्यायचा. एवढा उंच की वरच्या माणसाला वाकावं लागत नसे. त्याची आई यायची, पांढरी साडी खोचून, रांगेत बसून घमेली पुढे सरकवायला. गाळ निघून टाक्याचा तळ दिसला की बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची आणि म्हणायची, "आपल्याच घरची झाडलोट आहे ही." ती गेली, मग बरेच जण गेले, कोणी दुबईला, कोणी बदलापूरला, कोणी नुसतंच सोफ्यावर. आता उरलोय आम्ही चार म्हातारे: मी, बोरिवलीकर, अंधेरीचं जोडपं. आणि तो.

लंबूने लग्न केलं नाही. मुलुंडला त्याच्या ताईकडे असतो, तिसरा मजला, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जायची म्हणून लिफ्टचं काम कुणी करत नाही. झटका आला तेव्हापासून आम्ही पाळ्या लावून घेतल्यात. अंधेरीवाली डबा आणते, तिचा नवरा दाढी करतो, बोरिवलीकर मालिशला, मी उरलेल्या वाराला. सुरुवातीला दर आठवड्याला त्याला फिजिओकडे न्यायचं असायचं. डोंगरात कुणी पडलं तर उतरवायला ठेवलेलं आपलं ते बचावाचं स्ट्रेचर काढलं, त्यावर बांधला, आणि जिन्यावरून डोक्याकडे दोघं, पायाकडे दोघं, असा खाली आणला. आख्खी बिल्डिंग दारात उभी. पहिल्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावर थांबलो तर त्याचा डावा हात पोटावरच्या गाठीकडे गेला आणि ती खेचायला लागला. गाठ सैल होती, बाई! मी बांधलेली. परत बांधली तेव्हा हात खाली ठेवला. त्या दिवशी आम्ही खाली रस्त्यावर चहा पीत वेड्यासारखे हसत होतो. लंब्या आत आहे म्हटलं, जागच्या जागी आहे. पण पावसाळ्यात परत एक झटका आला आणि त्यानंतर हात उठला नाही. डोळे उघडे असतात. कुणी समोर गेलं तर फिरत नाहीत. तुमचे ते गोधडीचे तुकडे मी त्याच्या टाचांखाली ठेवलेत, जखमा होऊ नयेत म्हणून.

हे सगळं आपण करू शकतो. ओढणं, बांधणं, उचलणं, वाट बघणं, एवढंच तर आपण आयुष्यभर केलं. आणि यातलं काहीही आता उपयोगाचं नाही. मला कधी कधी इतका राग येतो, बाई, की जिन्यातल्या भिंतीवर गुद्दा मारावासा वाटतो.

ताईंचं वय झालंय. कंबर गेलीय, ऐकायला जरा कमी येतं. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. चांगला पोरगा आहे, पैसे पाठवतो, फोन करतो. त्याने कर्जतच्या बाजूला अशा पेशंटांना ठेवतात ती एक जागा बघितली. मला फोनवर म्हणाला, "काका, मामाला आता काही कळत नाही हो. कळत असतं तर गोष्ट वेगळी. आईला मरू द्यायचं का मी?" त्याचं चूक काय होतं? मी 'बघू' म्हटलं. ताई मात्र अडून बसल्या. "एकदा, एकदा जरी त्याने ओ दिली, तरी मी त्याला कुठे पाठवायची नाही. नाहीच दिली, तर तू म्हणशील तसं." मंगळवारी गाडी येणार असं ठरलं. म्हणून रविवारी आम्ही चौघं एकदमच गेलो.

"जय भीम, ताई," म्हणून आत शिरलो तेव्हाच लाइट गेलेले होते. खाली मीटरच्या खोलीत काम चाललं होतं. शेजारच्या टॉवरला हिरवी जाळी लावलीय आणि धूळ येते म्हणून ताईंनी खिडक्या, पडदे सगळं लावून घेतलेलं. भर दुपारी त्या खोलीत एकमेकांची तोंडं दिसेनात. पंखा बंद. ताई स्वयंपाकघरात चहाला गेल्या. मग बोरिवलीकर म्हणाला, "हजेरी घेऊ या का रे?" थट्टेत म्हणाला असेल. पण कुणी हसलं नाही. अंधेरीवालीने मोबाइल पालथा ठेवला. क्रम सगळ्यांना पाठ आहे. तुमची जागा आम्ही एक श्वास मोकळी सोडतो, नेहमी. मग बोरिवलीकर म्हणाला, "आहे." मग ती. "आहे." मग तिचा नवरा. मग मी. आणि मग थांबलो.

किती वेळ थांबलो ते मी सांगू शकत नाही. शेजारच्या टॉवरवर कुणाचं तरी ड्रिल चालू होतं. त्याचा श्वास ऐकू येत होता, घशात थोडी खरखर. अंधेरीवाली रडायला लागली होती, आवाज न करता, पण खाट हलत होती. तो येईपर्यंत टॉर्च पेटवायचा नसतो ना, बाई. आम्ही काय करायचं होतं? उठायचं आणि चहा प्यायचा?

मी म्हटलं, "आहे."

त्याच्या आवाजात. जाड, झोपेतला. या वयातही अगदी तसाच निघाला.

स्वयंपाकघरात भांडं खाली पडलं. ताई भिंतीला धरून धरून दारात आल्या. "बोलला? कोण बोललं आत्ता? तो बोलला ना?" आम्ही चौघं. चौघांना माझा आवाज ओळखता येतो, चाळीस वर्षं अंधारात ऐकलाय. कुणी एक अक्षर काढलं नाही. ताई पलंगाशी बसल्या आणि त्याचे गाल धरून "माझ्या राजा, माझ्या राजा" म्हणत राहिल्या. लाइट आले तेव्हा आम्ही एकमेकांकडे न बघता चपला घातल्या. जिन्यात बोरिवलीकराने फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तो ठेवला नसता तर बरं झालं असतं.

मंगळवारची गाडी रद्द झाली. पोराचा फोन आला, "काका, खरं सांगा, मामा बोलला?" मी म्हटलं, "अंधार होता रे." हे खोटं नाही, म्हणून जास्तच वाईट आहे. ताई आता पाठ दुखत असली तरी दिवसभर त्याच्याजवळ असतात. दुपारी पडदे ओढून घेतात, पंखा बंद करतात, कारण तेव्हा तो बोलला होता. कान त्याच्या तोंडाजवळ नेऊन विचारतात, "आहेस ना रे?" मी पाळीला गेलो की मला दारातच थांबवतात, आवाज होईल म्हणून. त्या तशा बसलेल्या असतात आणि मी बाहेर उभा असतो, हातात चपला घेऊन.

हे तुम्हाला लिहितोय, ते गुंडाळून दोरांच्या पिशवीत ठेवून देईन. ती पिशवी आता कुणी उघडत नाही. तुम्ही असतात तर टॉर्च तोंडावर मारला असतात, आणि मला तेच हवं होतं. कारण एकच गोष्ट डोक्यातून जात नाही, बाई. त्याला जर ऐकू येत असेल? तो मधेच कुठेतरी दाबला गेलाय, हाक मारायला हवा नाही, आणि इकडून त्याला त्याचाच आवाज आला, 'आहे'. तेव्हा काय वाटलं असेल ते मला माहीत आहे, त्याने एकदा सांगितलंय.

नियम तुमचाच. ज्याने म्हटलं त्याने आत जाऊन आणायचं. मी जातो, त्याच्या पलंगाशी बसतो, त्याचा हात धरतो, "श्वास सोड, लंब्या," म्हणतो. तो सोडतो. पुढे कुठून शिरायचं, ते मला येत नाही.